इफ्तारनंतरचे दोन तास

सोलापुरात रमजान सुरू झाला की विजापूर वेशीत बाजार भरतो. खजूर, शेवया, सुका मेवा, शरबताच्या बाटल्या, अत्तर, टोप्या. आमच्या आपाची यादी मात्र शाबानमध्येच तयार असायची. दोन किलो खजूर, चार बाटल्या गुलाबी शरबत, शीरखुर्म्यासाठी चारोळी, खोबरे, खारीक. अम्मीचा इंतकाल झाला तेव्हा आपा बावीस वर्षांची होती आणि आम्ही सगळे शाळेत जाणारे. तिनेच आम्हाला वाढवले. परीक्षेत पास झालो की शिरा, ताप उतरला की दूध-शेवया, रुसून बसलो की गुळाचा खडा. तिची माया आम्ही जिभेनेच ओळखली. पुढे तीच माया तिच्या जिवावर उठेल, हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

आम्ही म्हणजे भाईजान, भाभी, धाकटी बहीण आणि हे लिहिणारे. ऑपरेशन आपाचे झाले, पण त्यानंतर जे शिकावे लागले ते सगळ्यांनाच शिकावे लागले. म्हणून येथे 'मी' लिहिता येत नाही.

२०२१ साली आपाचे वजन ११८ किलो होते. साखरेचा आजार नऊ वर्षांचा, शेवटची दोन वर्षे इन्सुलिनची सुई. गुडघे इतके दुखत की नमाज खुर्चीवर बसूनच. डॉक्टरांनी बायपास सुचवले. हृदयाचे नव्हे, पोटाचे. भाभीने बांगड्या मोडल्या, पतसंस्थेचे कर्ज निघाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुण्याच्या एका इस्पितळात ऑपरेशन झाले. मोहल्ल्यात बोलणारे बोललेच, 'तोंड आवरता आले नाही, म्हणून पोट कापून आली.' आपाने ते ऐकले आणि गिळले.

पण ऑपरेशनचा गुण आला. सव्वा वर्षात ती ७६ किलोवर आली. इन्सुलिन बंद झाले, मग गोळ्याही बंद झाल्या. ज्या दिवशी तिचे कपाळ पुन्हा जमिनीवर टेकले, त्या दिवशी ती सजद्यातून लवकर उठलीच नाही. आम्ही घाबरलो. ती रडत होती. साखर मोजायचे यंत्र आम्ही कपड्यात गुंडाळून कपाटात वर टाकून दिले. वाटले, त्याचे काम संपले.

२०२३ च्या उन्हाळ्यानंतर काहीतरी वेगळेच सुरू झाले. जेवून तास-दोन तास झाले की आपाला दरदरून घाम सुटे, हात थरथरत, छातीत धडधड होई. ती एरवी कधी न करणारी चिडचिड करी. एकदा भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे तिला मोजता येईनात. एकदा तिने भाभीला 'अम्मी' म्हणून हाक मारली. भाईजान म्हणत, बीपी आहे. भाभी म्हणे, खाणे कमी पडते, अशक्तपणा आहे. खालाने नजर लागली म्हणून मिरच्या उतरवून टाकल्या. उपाय मात्र सगळ्यांचा एकच होता. साखरपाणी, शरबत, नाहीतर मिठाईचा तुकडा. दहा मिनिटांत आपा उठून बसायची. आम्ही म्हणायचो, पाहा, उतरले. दोन तासांनी पुन्हा तेच झाले तर आम्ही पुन्हा शरबत द्यायचो. औषध लागू पडते आहे, अशीच आमची समजूत होती.

२०२४ चा रमजान मार्चमध्ये सुरू झाला. २०२२ साली ऑपरेशन ताजे होते, त्यामुळे रोजे सुटले होते. २०२३ मध्ये काही झाले, काही सुटले. या वर्षी पूर्ण तीस ठेवणार, अशी आपाची नियत होती. आम्हाला दिवसाची काळजी होती. उपाशीपोटी चक्कर येईल म्हणून दुपारी कुणी ना कुणी तिच्याजवळ थांबायचे. दिवस मात्र नीट जायचे. अस्रची नमाज पढून ती स्वतः भजी तळायला बसायची.

नवव्या रोज्याला पावणेसातच्या सुमारास इफ्तार झाला. आपाने तीन खजूर खाल्ले, ग्लासभर शरबत घेतले, वर कलिंगडाच्या दोन फोडी. मगरिब झाली. साडेआठनंतर भाईजान तरावीहसाठी मशिदीत आणि आम्ही घरात मुसल्ल्यावर. दुसऱ्या रकातीत आपा रुकूला वाकली आणि तशीच कलंडली. अंग घामाने थबथबलेले. डोळे उघडे, पण ओळख नाही. आमच्या यंत्राच्या पट्ट्यांची मुदत कधीच संपली होती. शेजारून यंत्र आणले. आकडा आला ४६.

त्या क्षणी सुद्धा आम्ही शरबतच केले. भाभीने चमच्याने पाजले, आपा शुद्धीवर आली, म्हणाली, "कुछ नै हुवा मेरेकू. तुम लोगां नमाज पढो." रात्री अकराला ती पुन्हा कोसळली. मग मात्र रिक्षा, दवाखाना, सलाईनमधून ग्लुकोज. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्सुलिन किती युनिट घेता?" दोन वर्षांत एक थेंबही घेतलेले नाही, हे त्यांना पटेना. त्यांचा दोष नव्हता. आम्हाला तरी कुठे पटत होते? जिची साखर आयुष्यभर वर गेली, तिची खाली जाते. आणि दिवसभराच्या उपासात जात नाही, जाते ती इफ्तारनंतर, खजूर-शरबत पोटात गेल्यावर.

पुण्याला पुन्हा गेलो. डॉक्टरांनी आपाच्या दंडाला चौदा दिवस चालणारा एक सेन्सर चिकटवला आणि नेहमीचे खाणे लिहून ठेवायला सांगितले. परत गेलो तेव्हा त्यांनी कागदावर आलेखाची रेघ दाखवली. शरबतानंतर रेघ उभ्या डोंगरासारखी २४० पर्यंत चढलेली, आणि दोन तासांच्या आत ५० च्या खाली दरीत. अंडे आणि भाजी-भाकरी खाल्लेल्या दिवशी रेघ जवळजवळ सपाट होती. रात्री झोपेत, रिकाम्या पोटीही सपाट.

डॉक्टरांनी नीट समजावले. निरोगी पोटाच्या तळाशी एक झडप असते. ती अन्न थोडे थोडे आतड्यात सोडते. बायपासमध्ये पोटाचा वरचा, सुमारे ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडतात. झडप वाटेतून जाते. गोड पातळ पदार्थ क्षणात आतड्यात पोचतो, साखर एकदम रक्तात चढते. आतडेही काही संप्रेरके जोरात सोडते, जीएलपी-१ हे त्यांतले एक, आणि ती स्वादुपिंडाला आणखी चेतवतात. स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन ओतते. साखर वापरून संपते, इन्सुलिन मात्र काम करतच राहते. म्हणून एक ते तीन तासांनी साखर कोसळते. हे बहुधा ऑपरेशननंतर लगेच होत नाही, वर्ष उलटल्यावर सुरू होते. सगळ्यांनाच होते असेही नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत जे मळमळते, पोटात कळ येते, जुलाब होतात, तो प्रकार वेगळा. तो गोड एकदम आतड्यात उतरल्याचा लगेचचा त्रास. आपाचा त्रास नंतरचा, आणि जास्त धोक्याचा.

घरी येऊन हे सगळ्यांना सांगायचे होते. बी.एड.ला शिकवतात की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. सोलापूरकराला उजनी धरण सांगावे लागत नाही. आम्ही म्हटले, समजा उजनीला दरवाजेच नाहीत. आले पाणी की सुटले सगळे खाली. पूर पाहून सरकारने सगळी फौज पाठवली. पूर ओसरला तरी फौज परत जाईना, उलट तीच गावातले उरलेसुरले धान्य खाऊन बसली. आपण काय करतो? गाव उपाशी आहे म्हणून पुन्हा पूर सोडतो. खाला बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दर वेळी शरबत देऊन पुढचा झटका आपणच आणत होतो?" होय. आणीबाणीत साखर द्यावीच लागते, पण नुसती साखर देऊन थांबलो की पुढचा पूर आपणच सोडलेला असतो.

हा आजार काही आपाच्या नशिबानेच नवा निघालेला नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी हे बायपास १९६६ साली सुरू केले. जेवणानंतर साखर इतकी खोल पडणाऱ्या सहा रुग्णांची हकिकत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये छापली आणि त्यानंतर जगभर त्याकडे लक्ष गेले. पण आमच्या हाती ऑपरेशनच्या वेळी जो आहाराचा कागद दिला, तो इंग्रजीत होता. त्यात 'गोड टाळा' एवढे एका ओळीत होते. का टाळा, न टाळल्यास काय दिसेल, कधी दिसेल, हे नव्हते. आपा फक्त उर्दू वाचते. तो कागद तिने जपून कुराणशरीफच्या कपाटात ठेवला होता, वाचला कधीच नव्हता. घरात शिकवणारे माणूस असून तो उर्दूत करून द्यावा हे आम्हाला दोन वर्षे सुचले नाही. ही चूक आमची.

मग बसलो आणि उर्दूत तक्ता केला. स्वादुपिंडाला उर्दूत लबलबा म्हणतात. शाळेत मुलांना आम्ही तो शब्द शिकवतो, घरात कधी उच्चारला नव्हता. आपाला तो फार आवडला. कितीतरी दिवसांनी ती हसली. म्हणाली, "बस, मेरा लबलबा बावला हुवा समझो." तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचे नाव तेच.

तो तक्ता अजून स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. त्यातला मजकूर असा. दर तीन तासांनी थोडे खायचे, दिवसातून पाच-सहा वेळा. घास घेताना आधी अंडे, मासा, कोंबडी, डाळ किंवा पनीर; मग भाजी; भाकरी शेवटी आणि थोडी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. गोड काहीही प्यायचे नाही, फळांचा रसही नाही. पांढरा भात आणि मैदा गोडाचेच भाऊबंद समजावेत. आपल्या सोलापूरच्या शेंगाचटणीचा येथे फार उपयोग झाला. ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा आणि वर चटणी, हे आपाचे चार वाजताचे खाणे ठरले.

तक्त्याचा खालचा भाग लाल शाईचा आहे. घाम, थरथर, चिडचिड, शब्द चुकणे, यांपैकी काही दिसले की आधी यंत्र. आकडा ७० च्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. आकडा वर आला की लगेच उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे, म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही. ५४ च्या खाली गेले तर डॉक्टरांना कळवायचेच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन. त्या रात्री भाभीने चमच्याने पाजलेले शरबत श्वासनलिकेत गेले नाही, हा अल्लाहचा करम.

पुढे डॉक्टरांनी जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यायची अकार्बोज नावाची गोळी दिली. ती पिष्ट आणि साखर पचण्याचा वेग कमी करते. पण तिने एक नवीन खबरदारी आणली. ती गोळी चालू असताना घरातली साखर, गूळ किंवा मिठाई दिली तर लवकर चढत नाही, कारण तीही आतड्यात आधी फुटावी लागते. अशा वेळी ग्लुकोजच हवे. म्हणून घरात ग्लुकोज पावडरचे तीन डबे आहेत. एक स्वयंपाकघरात, एक आपाच्या उशाशी, एक तिच्या बुरख्याच्या खिशात, छोट्या डबीत. हा मजकूर आमच्या आपापुरता तिच्या डॉक्टरांनी ठरवलेला आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी तो आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. पण विचारावा मात्र नक्की.

एवढे सगळे जमले. जमेना ती एकच गोष्ट. २०२५ चा रमजान जवळ आला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आपाने रोजे ठेवू नयेत. दिवसाच्या उपासापेक्षा त्यांना रात्रीची भीती होती. दोन चमच्यांच्या पोटात इफ्तार ते सहरी एवढ्या वेळात दिवसभराचे पाणी आणि प्रथिने मावणार नाहीत, आणि भुकेने घाईत जास्त खाल्ले की पुन्हा तोच पूर. आपाने मान डोलावली. घरी येऊन मात्र ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रोजे बी नै रख सकती, मैं काय की मुसलमान?"

तेव्हा आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. मागच्या रमजानात त्या नवव्या रोज्याच्या आधीही तिला तीन वेळा झटके आले होते. ती न्हाणीघरात जाऊन बसायची, सांगायची नाही. आम्ही रोजे बंद करू, ही भीती. बेशुद्ध पडण्यापेक्षा तिला ते जास्त वाटत होते.

भाईजान मोहल्ल्यातील मौलानांना घेऊन आले. त्यांनी आधी डॉक्टरांचा कागद मागितला आणि पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाले, सूरह बकरातल्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला जी मुभा आहे, ती कुणा मौलानाने दिलेली नाही, ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच दिलेली आहे. एक हुकूम त्याचा मानायचा आणि दुसरा नाही, असे कसे चालेल? पुढे आजार आटोक्यात आला, डॉक्टरांनी परवानगी दिली, तर हिवाळ्याच्या लहान दिवसांत कजा करावी. बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया, दर रोज्यामागे एका गरिबाचे दोन वेळचे जेवण किंवा तेवढे धान्य वा रक्कम. आपाने एकच विचारले, बोटातून रक्त काढल्याने भाभीचा रोजा तर बिघडणार नाही? कारण सवयीने भाभी आधी स्वतःच्या बोटावर यंत्र लावून दाखवायची. मौलाना हसून म्हणाले, थेंबभर रक्ताने रोजा तुटत नाही.

मुभा मिळाली तरी लाज जात नाही. त्या रमजानात आपा दुपारी एक वाजता स्वयंपाकघराचे दार लावून आपले अंडे आणि चार घास खायची. एकदा शेजारीण शेवयांचे यंत्र मागायला आली आणि दार ढकलून थेट आत. आपाच्या हातात घास. शेजारीण काही बोलली नाही, पण तिची नजर बोलली. संध्याकाळपर्यंत आपा पलंगावर पडून होती. त्या दिवशी चार वाजताचे खाणे तिने टाळले, आणि साडेपाचला आकडा ६३ आला. आम्ही चिडलो. कुणावर चिडावे हे कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाभी आणि धाकटी, दोघी रोज्यात, एक वाजता स्वयंपाकघरात गेल्या. दार उघडे ठेवले. आपाचे ताट वाढले आणि तिच्यासमोर लसूण सोलत बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्या, विचारू द्या. ज्यांनी विचारले त्यांना सांगितले. त्या शेजारणीलाही सांगितले. तेव्हा कळले की तिच्या भावाचेही असेच ऑपरेशन झाले आहे आणि 'त्यालाही जेवल्यावर घाम येतो, आम्ही साखरपाणी देतो.' आम्ही तक्त्याची झेरॉक्स काढून दिली. हे लिहायचे कारण तीच शेजारीण. ऑपरेशन आता आपल्या लोकांतही होऊ लागले आहे, आणि त्यानंतरच्या या गोष्टी दार लावून सहन केल्या जातात.

३१ मार्च २०२५ ला ईद झाली. आपा पहाटेपासून चुलीशी. दुधाचे पातेले तेच, कलथा तोच. शीरखुर्मा उकळू लागला तेव्हा तिने चमचा भरला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबली. मग तो भाभीपुढे धरला. "तुमीच बोलो, मिठास बरोबर है क्या?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. भाभी म्हणाली, किंचित कमी आहे. आपाने साखर घातली. पुन्हा चमचा धरला. धाकटी म्हणाली, आता झाले. तेवढे बोलताना तिचा आवाज नीट नव्हता.

शेजारपाजारच्या वाट्या भरून गेल्या. दुपारी आपाने आधी दोन अंडी आणि खिमा खाल्ला, मग डॉक्टरांना विचारून ठेवले होते तेवढा, एक लहान चमचा शीरखुर्मा घेतला. डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवला. त्यानंतर कुणी बाहेर पडले नाही. ईदचा दिवस, मुले नवे कपडे घालून ताटकळत होती, पण आम्ही मोठी माणसे घड्याळाकडे पाहत बसलो. पाऊण तास. दीड तास. आपा म्हणत होती, जा रे, फिरून या. कुणी हलले नाही.

दोन तास झाले. भाभीने यंत्र लावले आणि आकडा मोठ्याने वाचला, ९२.

मग भाईजान उठले आणि मुलांना ईदी वाटायला सुरुवात केली.